भाऊला विचारलं तेव्हा

काकूंचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला पोस्टाच्या काउंटरवर होते. काकू म्हणजे गावाकडच्या आमच्या शेताशेजारच्या. कामाच्या वेळी त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता, म्हणून समोरच्या माणसाला थांबायला सांगून मी मागच्या खोलीत गेले.

"ताई, तुनी माय भाऊले रोज दुपारले विहिरवर लई जास," काकू म्हणाल्या. "तुले माहीत शे का?"

"पाण्याला जात असेल."

"पाण्याला नाही गं. नुसती बसते. त्याला जवळ घेऊन कठड्यावर बसते. मी हाक मारली तरी वळून पाहत नाही."

मी बरं म्हणून फोन ठेवला आणि परत काउंटरवर येऊन बसले. रजिस्टर पत्रं घेतली, पावत्या दिल्या. 

भाऊ माझा थोरला भाऊ. जन्मापासून त्याच्या बुद्धीची वाढ कमी. सरकारी दाखल्यावर त्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात. गावात त्यासाठी दुसरे शब्द होते, ते इथे लिहीत नाही. लहानथोर सगळे त्याला भाऊच म्हणत आणि तोही स्वतःला भाऊच म्हणायचा. 'मला चहा दे' असं त्याने कधी म्हटलं नाही. 'भाऊले चहा' म्हणायचा. बोलणं थोडं, पण चालणं-फिरणं व्यवस्थित. गावातल्या पिठाच्या गिरणीवर तो सकाळभर असायचा, लोकांचे डबे उचलून घरोघरी पोचवायचा. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन परत यायचा आणि आई त्याला अंगणात उभं करून झटकायची. अंघोळ आईच घालायची. चाळिशी ओलांडली तरी ताटातली भाकरीसुद्धा तीच कुस्करून द्यायची.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, महामार्गापासून आत. शेत घराला लागूनच, आणि शेतात विहीर. जुनी, दगडी बांधणीची, खोल. त्या विहिरीची भीती आईनेच भाऊच्या मनात घातली होती. तो लहान असताना एकदा तिकडे गेला, तेव्हा आईने त्याला मारत मारत घरी आणलं. तिने त्याच्यावर हात उगारल्याचं मला आठवतं ते तेवढंच. मग तिने विहिरीभोवती बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं आणि दरवर्षी ते नवं करत राहिली. नुसतं 'विहीर' म्हटलं तरी भाऊ कानांवर हात ठेवायचा. अशा माणसाला ती स्वतः तिथे नेऊन बसवत होती.

मी रविवारी गेले. आई नेहमीसारखीच बोलली. भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी होती. पण घर जरा जास्तच आवरलेलं दिसलं. शेळी दिसेना. "देऊन टाकली," आई म्हणाली. भाऊची नवी गोधडी दिसेना. तीही एका बाईला देऊन टाकली होती. "उन्हाळ्यात कशाला लागते?" ती म्हणाली. मी म्हटलं, पुढे हिवाळा येईलच की. त्यावर ती चुलीपुढची राख ओढत बसली. आईच्या पायांवर सूज होती आणि चार पावलं चालली की तिला दम लागायचा. धुळ्याच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं होतं, ते मी तिच्यापासून लपवलं नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेत बटईने कसायला दिलेलं. घरात ती आणि भाऊ दोघंच.

एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. देवानं माझ्याआधी त्याला न्यावं, म्हणजे मी सुखानं डोळे मिटीन. आई हे हळदीकुंकवाला म्हणायची, लग्नाच्या मांडवात म्हणायची, दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगायची. ऐकणाऱ्या बायका मान हलवायच्या, डोळ्याला पदर लावायच्या. आईचं काळीज, म्हणायच्या. यात भिण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. त्या रविवारी परतीच्या एसटीत मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून हलेना.

दोन-चार दिवसांनी मी रजा काढली आणि कुणाला न कळवता भर दुपारी गावी उतरले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घराला बाहेरून कडी. मी तशीच शेताकडे वळले. काट्यांचं कुंपण एका बाजूला ओढून ठेवलं होतं. कठड्यावर दोघं पाठमोरे बसलेले, पाय आतल्या बाजूला सोडून.

मी पळाले नाही. पळाले तर आई दचकेल, असं वाटलं. वहाणा काढून ढेकळांतून हळू चालत गेले. भाऊ खडे टाकत होता आणि खालून आवाज आला की खुदकन हसत होता. आईच्या लुगड्याचा पदर त्याच्या मनगटाला गुंडाळून गाठ मारलेली होती. ती गाठ पाहिली आणि माझे पाय जागीच थांबले.

"आई," मी म्हटलं.

तिने मान वळवली. ती दचकली नाही, तिला रागही आला नाही. कुणीतरी येणार हे ठाऊक असल्यासारखी पाहत राहिली.

"काय करतेस इथे?"

"सवय लाई राह्यनी त्याले."

"कसली सवय?"

"पानीनी," ती म्हणाली. "घाबरायला नको त्यानं."

ती हे अगदी सरळ आवाजात बोलली. बाळाला नवीन जागेची सवय लावावी तसं. मी भाऊचा दुसरा हात धरला आणि म्हटलं, "चल भाऊ, चहा करू." चहा म्हटल्यावर तो उठला. पदराची गाठ न सोडताच उठला, त्यामुळे आईलाही उठावं लागलं. आम्ही तिघं एकमेकांना बांधल्यासारखे घरी आलो.

मी रजा वाढवली आणि तिथेच राहिले. घरात दुपार झाली की मी आईकडे पाहायची आणि आई माझ्याकडे पाहायची. विहिरीबद्दल आम्ही बोललो नाही. मी बटईवाल्याकडून कुंपण पुन्हा लावून घेतलं. आईने ते ओट्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "काटे किती दिवस टिकतील?"

काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, गावातच राहतात. त्यांना मी सगळं सांगितलं. ते वाईट नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "त्याला संस्थेत टाकू. तू नोकरीवाली, तुझा संसार आहे. वहिनीच्याही डोक्याचा भार जाईल." त्यांनी चौकशी करून ठेवलेलीच होती. जळगाव जिल्ह्यात एक निवासी संस्था होती, तिच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. आधी बघून तर येऊ, असं ठरलं. आई, भाऊ, काका आणि मी असे आम्ही चौघं गेलो.

संस्था स्वच्छ होती. हे मला आधी सांगायला हवं, कारण नंतर मी जे सांगते ते ऐकून लोक विचारतात, घाण होती का? नव्हती. फरशी पुसलेली, फिनेलचा वास, भिंतीवर देवादिकांची चित्रं. अधीक्षक मोठे सौजन्याने बोलले. जाळीच्या दाराला कुलूप होतं, ते उघडून त्यांनी आम्हाला आत नेलं आणि पुन्हा कुलूप लावलं. लांबट खोलीत भिंतीला पाठ लावून पुरुष बसले होते. सगळ्यांचे केस मशीनने सारखे कापलेले, अंगात सारखेच राखाडी शर्ट. तरणे होते, म्हातारे होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"हे दिवसभर काय करतात?" मी विचारलं.

"शांत असतात," अधीक्षक म्हणाले. "आमच्याकडे कुणी रडत नाही, बघा. पहिले काही महिने आम्ही घरच्यांना भेटू देत नाही. भेटलं की त्रास वाढतो. मग सवय होते."

'सवय' ऐकताच मी आईकडे पाहिलं. ती त्या रांगेकडे बघत होती. टोकाला बसलेला एक माणूस उठला, माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या पर्सचा पट्टा धरला. ओढला नाही, नुसता धरला. अधीक्षकांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. भाऊ एवढा वेळ माझ्या मागे उभा होता. तो दाराकडे गेला आणि कुलूप हातात घेऊन उभा राहिला. कुलूप हातातून काढून घेतलं तरी पुन्हा धरायचा.

काकांना जागा पसंत पडली होती. पुढच्या आठवड्यात आणून सोडतो, असं त्यांनी सांगूनही टाकलं.

परतताना पहूरला गाडी बदलायची होती. स्टँडवर बाकावर बसल्यावर आई माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "त्यापेक्षा विहीर बरी."

 माझ्याही मनात क्षणभर तेच आलं होतं.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी केळीचे वेफर्स खात बसली होती. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण अंगाने लहानखुरी. तिरकस बारीक डोळे, आखूड बोटं, जाड जीभ. अशी मुलं मी पाहिलेली होती. ती सरकत सरकत भाऊजवळ आली आणि पुडी त्याच्यापुढे धरून म्हणाली, "तुझं गाव कोणतं?"

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. माझ्या आठवणीत तरी त्याला असं कुणी विचारलेलं नव्हतं. लोक मला विचारायचे, याचं गाव कोणतं, याला भूक लागली का, याला कळतं का.

"सोनगीरकडचा आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही, त्याला विचारलं," ती म्हणाली. मग भाऊला म्हणाली, "मी पाचोऱ्याला राहते. आई मला सोडायला येतेय. माझ्या घरी."

तिची आई शेजारीच होती. जळगावला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांना मॅडम म्हणते, अजूनही. गाडीला उशीर होता, म्हणून बोलणं लांबलं. त्या आणि अशाच मुलांचे आणखी काही पालक मिळून पाचोऱ्याला दोन लहान घरं भाड्याने घेऊन चालवत होते. एकात बायका, दुसऱ्यात पुरुष. प्रत्येक घरात तीन-चार जण आणि त्यांच्या सोबतीला एक माणूस. वस्तीतच, गल्लीत, इतरांच्या घरांसारखी घरं. मॅडमची मुलगी पापडाच्या कारखान्यात पाकिटं बंद करायला जायची. बाजार तीच करायची. काय शिजवायचं ते घरातल्या सगळ्या मिळून ठरवायच्या, त्यावरून भांडायच्याही.

"आणि तुम्ही गेल्यावर?" आईने एकदम विचारलं. दिवसभरात परक्या माणसाशी तिचं हे पहिलंच बोलणं.

"म्हणून तर आत्ता केलं," मॅडम म्हणाल्या. "मी असताना तिला माझ्याशिवाय राहता यायला हवं. मी गेल्यावर ते कोण शिकवणार?"

पुरुषांच्या घरात एक जागा होती. मी लगेच विचारलं, कधी आणू? मॅडमनी मान हलवली. "आधी त्याला विचारा. तो हो म्हणाला तरच."

"त्याला काय कळतं?" काका म्हणाले.

"मग कळेल अशा रीतीनं विचारायचं."

काकांना हे पटलं नाही. गाडीत ते म्हणाले, ज्याला स्वतःची नाडी बांधता येत नाही, त्याला विचारायचं काय. पण संस्थेचं त्यांनी आठवडाभर पुढे ढकललं, एवढं मात्र केलं.

पुरुषांच्या घरात सोबतीला होते त्यांना सगळे नाना म्हणत. पन्नाशीचा माणूस, आधी सूतगिरणीत होता. त्यांनी मला फोनवर सांगितलं, भाऊच्या रोजच्या जागांचे फोटो काढून पाठवा. घर, ओटा, गिरणी, शेत, त्याची माणसं. मी पाठवले. संस्थेच्या फाटकाचा एक फोटो माझ्याकडे होता, तोही पाठवला. मग मी भाऊला दोन दिवसांसाठी पाचोऱ्याला घेऊन गेले. आईला काकूंच्या घरी ठेवलं आणि काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, हिला एकटी सोडू नका.

चाळीसगावहून रेल्वेने गेलो. भाऊला पाचोऱ्याचं घर दुरूनच आवडलं असं मी म्हणणार नाही. तो दारातच थबकला आणि बराच वेळ आत आला नाही. नानांनी त्याला ओढलं नाही. तेही बाहेर येऊन पायरीवर बसले. घरातले दोघं जण आतून डोकावून पाहत होते. एकाने आतून विचारलं, "वरणात लसूण चालतो का त्याला?" भाऊने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. खूप वेळाने तो म्हणाला, "चालस."

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी ते फोटो मोठे छापून सतरंजीवर मांडले. नवं घरही त्यात होतं. एकेक फोटो दाखवून ते विचारायचे, इथे राहायचं? भाऊ हवा तो उचलून जवळ ठेवायचा, नको तो परत द्यायचा. संस्थेचं फाटक त्याने पालथं घातलं आणि त्यावर हात दाबून बसला. गिरणीचा फोटो मांडीवर घेतला, नव्या घराचाही. मग शेताचा आला. त्यात कोपऱ्यात कुंपण आणि कठडा दिसत होता. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भाऊने त्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता कानांवर हात ठेवेल. त्याने माझी ओढणी धरली, स्वतःच्या मनगटाला गुंडाळली आणि तिला गाठ मारायला लागला. त्याला गाठ नीट येत नाही. नुसते वेढे पडतात, पण तो जीव खाऊन ओढतो, मग ते वेढेच गाठीसारखे दिसतात.

"माय पडी," तो म्हणाला. "भाऊ धरी."

नाना माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"माय पडी. भाऊ धरी." माय पडेल, भाऊ धरेल. आणि तो ओढणी घट्ट धरून बसून राहिला.

गावी परतल्यावर मी आईला एकटीला गाठलं आणि विचारलं, पदराची ती गाठ कुणी मारली होती? ती कितीतरी वेळ पायांच्या सुजेवर बोट दाबून पाहत बसली. बोट काढलं की खळगा तसाच राहत होता.

"मी नाही," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. ती बोलत होती अहिराणीत, मी जमेल तसं इथे उतरवते. पहिल्या दिवशी ती एकटीच गेली होती. भाऊ गिरणीवरून यायच्या आत सगळं उरकायचं, एवढंच मनात होतं. त्याच्याशिवाय जायचं, त्याच्यासकट जायचं, काही ठरलेलं नव्हतं, डोकं चालतच नव्हतं. काटे बाजूला करून कठड्यावर बसली, तर मागे भाऊ उभा. कानांवर हात ठेवून थरथरत होता, पण आला होता. येऊन त्याने पदर मनगटाला गुंडाळला आणि शेजारी बसला. बराच वेळ बसल्यावर म्हणाला, माय, चहा. म्हणून ती घरी आली.

"मग मला वाटलं, तो असा सोडणार नाही. तर मग दोघं जाऊ. त्याला पाण्याची भीती नको, म्हणून रोज नेत होते. खडे टाकायला शिकवलं. रोज म्हणायचे, आज. आणि रोज तो म्हणायचा, माय, चहा."

मी तिच्याजवळ बसून राहिले. ती रडली नाही. रडली मी.

त्यानंतर पाचोऱ्याबद्दल ती एकदाच बोलली. "तिथे त्याला भाकरी कुस्करून कोण देईल?" मी म्हटलं, तो स्वतः कुस्करेल. "आणि नाही जमलं तर?" तर मोठे तुकडे खाईल, मी म्हटलं. तिने त्याच दिवशी भाऊच्या ताटात आख्खी भाकरी ठेवली. त्याने ताटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि उठून गिरणीवर निघून गेला. रात्रीच्या जेवणाला मात्र त्याने ती फाडली आणि वरणात बुडवून खाल्ली.

भाऊ पाचोऱ्याला गेला तेव्हा मला वाटलं होतं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. आता आई त्या घरात एकटी होती आणि तिला धरून बसणारा माणूस तिथे नव्हता. धुळ्याला चल म्हटलं तर हो म्हणेना. काकू ओट्यावर झोपायला येत. मी कामावर असताना फोन वाजला की आधी श्वास रोखायची, मग नाव बघायची.

तिकडे भाऊचंही सोपं नव्हतं. तो पहिले काही दिवस धड जेवलाच नाही. दाराशी बसून राहायचा. घरातल्या एकाचा कंगवा फेकून दिला, त्यावरून मारामारी झाली. मॅडम म्हणाल्या, घरात भांडणं होतात, म्हणजे घर आहे. मला ते तेव्हा पटलं नाही. मग त्याने स्वतःच एक गोष्ट काढली. संध्याकाळी नानांचा मोबाईल मागून घ्यायचा आणि म्हणायचा, "माय." नाना व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. काकूंच्या फोनवर आई दिसली की भाऊ विचारायचा, "विहीर?"

आई म्हणायची, "नाही गेले."

"चहा?"

"घेतला."

एवढंच बोलणं व्हायचं. मग तो फोन नानांना परत द्यायचा. काकू सांगायच्या, दुपार झाली की आई स्वतःच म्हणते, संध्याकाळी पोरगा विचारेल. आणि चहाचं आधण ठेवते.

थंडीच्या सुरुवातीला आई गेली. धुळ्याच्या दवाखान्यात, खाटेवर, माझ्या समोर. दम वाढला होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. शेवटी विहीर नव्हती, हे मी मनाशी कितीतरी वेळा म्हटलं. भाऊला आणायचं की नाही यावरून घरात वाद झाला. काका म्हणाले, त्याला काय समजणार, उगाच बिथरेल, अग्नी मी देतो. नानांनी त्याला फोटो दाखवून विचारलं आणि गाडीत बसवून आणलं. तो बिथरला नाही. आईच्या पायांवरची सूज त्याने बोटाने दाबून पाहिली. स्मशानात काकांचा हात धरून त्याने अग्नी दिला.

दहाव्याला पाहुणे जमले, तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर विषय काढला. आता याचा ताबा कोणाकडे? ताबा हाच शब्द वापरला. कायदेशीर पालक मीच होईन, शेत आणि तो दोन्ही सांभाळीन, म्हणाले. परत त्या संस्थेचंही निघालं, आता आईही नाही म्हणून. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात भाऊ घरात गेला आणि स्वतःची पिशवी घेऊन बाहेर आला. चपला घातल्या, उलट्या घातल्या, काढून पुन्हा सुलट घातल्या. नानांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "घर."

"हे घरच आहे रे," काका म्हणाले.

"पाचोरा," भाऊ म्हणाला.

काका कोर्टात गेले नाहीत. म्हणजे अजून तरी गेलेले नाहीत, एवढंच मी सांगू शकते. पालकत्वाचं काम कलेक्टर कचेरीत चालू आहे. तिथल्या समितीपुढे आम्ही भाऊला घेऊन जातो आणि त्याला बोलू द्या म्हणून मॅडम दरवेळी सांगतात. कधी त्याचं ऐकतात, कधी घड्याळाकडे बघतात.

भाऊ आता पाचोऱ्यात एका गिरणीवर सकाळचा जातो. अंग स्वतः झटकतो, पाठीचं पीठ राहून जातं. मी महिन्याच्या एखाद्या रविवारी जाते. जायच्या आधी फोन करून विचारावं लागतं, येऊ का? एकदा तो नाही म्हणाला. त्यांना सिनेमाला जायचं होतं.

या वर्षी एक नवीनच गोष्ट सुरू झाली. सकाळी नाना दूध आणायला म्हणून दार ओढायला जातात, तर दार उघडत नाही. बाहेरून कडी घातलेली. पहिल्यांदा वाटलं, कुणा पोराचा खोडसाळपणा असेल. मग पुन्हा झालं, पुन्हा झालं. प्रत्येक वेळी गल्लीतून जाणाऱ्या कुणाला तरी हाका मारून उघडून घ्यावं लागलं. आणि ज्यांना हाक मारली ते उघडताना हसायचे किंवा खाली पाहायचे. गल्लीत काहींना ही माणसं नकोत, हे आम्हाला माहीत होतं. घरमालकाकडे तक्रारी गेल्या होत्या. आमच्या लेकीबाळी इथून जातात, असं कुणी म्हणालं होतं. प्रत्यक्षात या घरातल्या कुणी कुणाकडे वर मान करून पाहिल्याचंही ऐकिवात नाही.

मी गेले तेव्हा चौघं आणि मॅडम चर्चेला बसले होते. जागा बदलायची का, हा प्रश्न होता. मॅडम थकलेल्या दिसत होत्या. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आग लागली तर, त्या म्हणाल्या. गॅस गळला तर. आतून दार उघडता आलं नाही तर काय होईल, ते त्यांनी सगळ्यांना सोप्या शब्दांत, काही न लपवता सांगितलं.  

एक जण म्हणाला, जाऊ. दुसरा म्हणाला, नको. भाऊला विचारलं, तो उठून दाराशी गेला आणि बाहेरच्या कडीला हात लावून उभा राहिला.

"काढ," तो नानांना म्हणाला.

नानांनी पान्हे आणि हातोडी आणली. कडी जुनी, गंजलेली, चौकटीत घट्ट बसलेली. भाऊ ती दोन्ही हातांनी ओढत होता. समोरच्या ओट्यांवर दोन-तीन जण येऊन उभे राहिले. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. कडी निघाली तेव्हा लाकडाचा एक ढलपाही सोबत निघाला.

मी संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. भाऊ मला स्टेशनपर्यंत सोडायला आला होता, नाना मागून येत होते. मी त्याला विचारलं, "कडी कोण घालतं, तू पाहिलंस का कधी?"

"हो," तो म्हणाला.

"कोण?"

त्याने मागे गल्लीच्या दिशेने पाहिलं. मग प्लॅटफॉर्मवर चढत, येणाऱ्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "गाडी उनी, ताई." त्या दिवशी त्याने नाव सांगितलं नाही, आणि अजूनही सांगितलेलं नाही.